आधी झाकण उघडू द्या

ज्येष्ठ नागरिकांसाठी मोबाईल प्रशिक्षण शिबिर भरलं की त्याची बातमी ठरलेल्या साच्यातच येते. सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, पडद्याकडे बोट दाखवणारी विशी-बाविशीतली मुलं आणि फोन हातभर लांब धरून डोळे बारीक केलेली माणसं. खाली जिद्दीचं कौतुक. शिबिरं घेणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही, त्यातून पुष्कळांची कामं होतात. माझं भांडण आहे ते या कौतुकामागच्या समजुतीशी. नवं तंत्रज्ञान हे तरुणांचं घर, आणि वयस्कर माणसं उंबऱ्याशी घुटमळणारी, कुणीतरी हात धरून आत नेईल म्हणून थांबलेली, अशी ती समजूत. सरकारी योजना तिच्यावर बेतलेल्या, बँकांच्या सूचना तिच्यावर बेतलेल्या, आणि घरातल्या नातवंडांचा सूरही तोच: "आजोबा, तुम्ही नका हात लावू, मी करून देतो."

आज सत्तर-पंच्याहत्तरीत असलेल्या पिढीने किती यंत्रं अंगवळणी पाडली ते जरा आठवून बघा. व्हॉल्व्हचा रेडिओ, ट्रान्झिस्टर, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत सुरू झालेलं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही दिसू लागलेलं दूरदर्शन, कॅल्क्युलेटर, टेपरेकॉर्डर, ऑफिसात येऊन बसलेला संगणक, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वांना खुलं केलेलं इंटरनेट, मग मोबाईल. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी कुणी शिबिर भरवलं नव्हतं. याच पिढीतल्या बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ऐंशीच्या दशकात संगणकीकरणाला विरोध केला हेही खरं. पण तो विरोध नोकऱ्या जातील या हिशेबातून होता. यंत्र कळत नाही म्हणून कुणी घोषणा दिल्या नव्हत्या.

आणि या पिढीत प्रत्येक वाड्यात, चाळीत, सरकारी वसाहतीत एक तरी खटपट्या माणूस असायचाच. नवं काही बाजारात आलं की ते उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. घरच्यांच्या मते ते 'नसते उद्योग'. तो माणूस आज निवृत्त आहे, त्याची हौस मात्र निवृत्त झालेली नाही. हौस तशीच असताना त्याच्याही हाताला यंत्र लागेनासं झालं असेल, तर बदललं काय? माझं उत्तर असं की माणूस फारसा बदललेला नाही, यंत्र बदललं. पूर्वी यंत्र उघडत होतं आणि त्यातली चूक स्वस्त पडत होती. आज ते उघडत नाही आणि चूक महाग पडते. ज्येष्ठांच्या 'डिजिटल साक्षरते'चा प्रश्न आपण या टोकाने कधी धरतच नाही.

चूक स्वस्त होती म्हणजे किती स्वस्त? सत्तरच्या दशकात घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. पोस्टात पैसे भरून पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. ही भानगड ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संपली. कायद्याने पाहिलं तर पोराने पुठ्ठ्याच्या खोक्यात जोडलेल्या रेडिओलाही तोच नियम, पण त्यासाठी पोस्टाची पायरी कुणी चढला असेल असं वाटत नाही. साहित्य मिळायचं पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास. मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड होताच. त्याच्या पाटीवर कितीही वर्षं डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं, तरी सर्किटवाल्यांच्या तोंडून ते नाव मी ऐकलेलं नाही. तिथे काउंटरवर उभं राहून कागदावरची यादी वाचायची: एक गँग (केंद्र लावायचा फिरता कपॅसिटर), एक फेराइट रॉड, लाल-पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या टोप्यांच्या कॉइल, चार-पाच ट्रान्झिस्टर, रंगपट्ट्यांचे रेझिस्टर मूठभर. दुकानदार वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून द्यायचा. घरी येऊन सोल्डरिंग आयर्न तापवायचं, रोझिनचा तो विशिष्ट वास घरभर व्हायचा, आणि सगळं जोडून झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने कॉइलची टोपी केसाएवढी फिरवत पुणे केंद्राचं ७९२ किलोहर्ट्झ धरायचं. बॅटरीची टोकं उलटी लागली तर ट्रान्झिस्टर जळायचा. नुकसान किरकोळ, वडिलांची बोलणी वेगळी. पुढच्या शनिवारी नवा आणायचा.

बाजारातून तयार आणलेला रेडिओही परका नसायचा. मागचं पुठ्ठ्याचं झाकण चार स्क्रूंवर निघायचं, आणि अनेक संचांच्या आत किंवा माहितीपत्रकात सर्किटचा अख्खा नकाशा छापलेला असायचा. ज्या कंपनीने रेडिओ विकला तीच सांगत होती की आत काय आहे, कुठे किती व्होल्ट यायला हवेत आणि बिघडलं तर कुठून शोधायला लागा. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचं पोट त्यावर चालायचं आणि शाळकरी पोरांचं शिक्षणही. गच्चीवर अँटेना फिरवताना खाली ओरडून "आलं का, आलं का" विचारण्याची गंमत इतक्यांनी इतक्या वेळा लिहून झाली आहे की ती इथे पुन्हा नको.

माझ्या ओळखीतले एक काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या खटखटाटात नोकरीला लागले आणि सी-डॉटच्या डिजिटल एक्स्चेंजच्या मुक्या कपाटांसमोरून बाहेर पडले. गेली काही वर्षं त्यांचा उद्योग होता हवामानाच्या उपग्रहांची चित्रं थेट घरी उतरवून घेण्याचा. यासाठी लागणारी वस्तू म्हणजे यूएसबीची एक काडी. मुळात ती परदेशात संगणकावर डिजिटल टीव्ही बघण्यासाठी विकली जायची. २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानात आलं की तिच्यातली चिप रेडिओलहरींचा कच्चा माल जसाच्या तसा संगणकाला देऊ शकते. मग ट्यूनिंगपासून पुढचं सगळं काम सॉफ्टवेअरने करता येतं. बनवणाऱ्याच्या डोक्यातही नसलेला उपयोग, आणि तो शोधला फुकट काम करणाऱ्यांनी. पूर्वी लाखांत जाणारं काम दोन-तीन हजारांत आलं.

काकांची अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी साधारण ५३ सेंटिमीटर, एकमेकींशी १२० अंशांच्या कोनात, पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर बसवलेल्या. अमेरिकेचा नोआ उपग्रह साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जायचा. दक्षिण क्षितिजावर आला की लॅपटॉपमधून आधी नुसती खरखर, मग तिच्यातून हळूहळू वर येणारा टिक-टॉक, टिक-टॉक असा घड्याळासारखा आवाज. सेकंदाला दोन ओळी या गतीने पडद्यावर चित्र उमटायला लागायचं. पहिल्या ओळी मुंग्या-मुंग्यांच्या. मग श्रीलंकेचा कडा, मग केरळचा किनारा, आणि जूनचे दिवस असतील तर अरबी समुद्रावरून सह्याद्रीला टेकलेला ढगांचा जाड पांढरा पट्टा. दहा-बारा मिनिटांत उपग्रह उत्तरेला मावळायचा. काकू खालून विचारायच्या, "ढग बघायला खिडकी पुरत नाही का?" या प्रश्नाला काकांकडे आजवर उत्तर नाही. खरं तर उत्तराची गरजही नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या मालिकेतले उरलेले उपग्रह अमेरिकेने कायमचे बंद केले. काकांनी चार दिवस हळहळ केली आणि रशियाच्या मेटिऑर उपग्रहांकडे मोर्चा वळवला. त्यांचा संदेश डिजिटल, पद्धत वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं. परदेशातल्या हौशी मंडळींनी लिहिलेल्या सूचना वाचत, चुकत, पुन्हा करत त्यांनी तेही जमवलं.

हेच काका बँकेच्या ॲपसमोर बसले की त्यांचा हात अडखळतो.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या विसंगतीत आहे. उपग्रहाच्या वेगामुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी, म्हणजे डॉप्लर, सावरणाऱ्या माणसाला पैसे पाठवायचं बटण दाबता येत नाही असं कसं होईल? दाबता येतंच. पण त्या बटणामागे काय घडतं ते कुणी सांगत नाही, दाबलेलं परत घेता येत नाही, खोट्या पैशांवर सराव करून बघायची सोय नाही, आणि चुकलं तर जाते ती पेन्शन. त्यातून दर दोन-चार महिन्यांनी ॲप नवं रूप घेतं आणि कालचं बटण आज भलतीकडे जाऊन बसतं. अशा ठिकाणी घाबरणं हे मला अडाणीपणाचं लक्षण वाटत नाही, ते व्यवहाराचं शहाणपण वाटतं. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात अस्तित्वातच नसताना तिच्या नावाने आयुष्यभराची पुंजी लुटली जाते, अशा काळात जास्त बेधडक माणसाची जास्त काळजी करायला हवी. हौशी माणूस फसत नाही असं मी म्हणणार नाही. पण फोनवर दिसणारा नंबर हा खरा नंबर असतोच असं नाही, हे ज्याने स्वतः एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या त्याला पटवून द्यावं लागत नाही.

निवृत्तीवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झालं आणि बँकेत जाऊन 'मी जिवंत आहे' हे दाखवण्याची पायपीट कमी झाली. चांगलंच झालं. पण ती व्यवस्था मुख्यतः बोटांच्या ठशांवर उभी होती, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या, यंत्रावर काम केलेल्या हातांच्या रेषा म्हातारपणी यंत्राला सापडत नाहीत. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली तेव्हा कुठे पुष्कळांची सुटका झाली. या मधल्या काळात दोष कुणाच्या माथी आला? म्हातारबुवांच्या. यंत्राला त्यांचं बोट वाचता येत नाही असं कुणी म्हणालं नाही, यांचं बोट लागत नाही असंच म्हटलं गेलं. बँकांनी आपापल्या ॲपमध्ये खोट्या रकमेचा सराव-विभाग ठेवावा, ही मागणी करायला कुठलं नवं तंत्रज्ञान शोधावं लागत नाही. शाळकरी मुलांच्या खेळांत असते तेवढी सोय पुरे आहे.

ही झाली सॉफ्टवेअरची बाजू. यंत्राच्या अंगाची गोष्ट याहून वाईट आहे. आजचा फोन गोंदाने बंद केलेला असतो. बॅटरी चिकटवलेली, पडदा चिकटवलेला, स्क्रू असलेच तर अशा आकाराचे की घरातला पेचकस लागू नये. काही ठिकाणी तर अस्सल सुटा भाग बसवला तरी फोन तो ओळखायला नकार देतो, कारण त्या भागाची जोडी कारखान्यातच मूळ बोर्डाशी बांधलेली असते. सर्किटचा नकाशा गुपित. कंपन्यांचं म्हणणं असं की फोन पातळ हवा, पाण्यात टिकायला हवा, लिथियमच्या बॅटरीला अननुभवी हाताने टोचलं तर ती पेट घेते. यातलं शेवटचं अगदी खरं आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. पण १९६० सालच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतही मारक व्होल्टेज असायचं. तेव्हा झाकणावर धोक्याची सूचना छापून आत नकाशा ठेवला जायचा. आता सूचनाही तीच आणि नकाशाच्या जागी सील.

युरोपीय संघाने यावर कायदा केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीच्या सोयीचे दहापैकी गुण छापावे लागतात. गिऱ्हाईक दुकानातच बघतं की ही वस्तू उघडते की नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिने धरली. पाठोपाठ एक पोर्टल आलं, आणि २०२५ मध्ये मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्ससाठी दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही सादर झाला. कागद तयार आहे. पोर्टलवर सेवा केंद्रांचे पत्ते आणि फोन नंबर भरून ठेवणं म्हणजे हक्क देणं असं मात्र कुणी समजू नये. सुटा भाग ठरावीक वर्षं, ठरावीक किमतीत, कुणालाही मिळालाच पाहिजे अशी सक्ती नसेल तर सेवा केंद्रातला मुलगा पुढेही तेच सांगणार: "काका, दुरुस्तीपेक्षा नवा घ्या."

शेतीची अवजारं त्या यादीत पहिल्या रांगेत आहेत याचं मला विशेष बरं वाटलं. दुरुस्तीच्या हक्काबद्दल शहरात बोललं जातं तेव्हा डोळ्यांसमोर फक्त फोन असतो. गावातला मोटार रिवाइंडिंगवाला, पंपाचा स्टार्टर खोलून त्यातले कॉन्टॅक्ट घासून देणारा, ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मिस्त्री, ही माणसं याच कुळातली. ट्रॅक्टरमध्ये संगणक आला आणि त्याचा सांकेतिक कुलूपबंद कोड फक्त कंपनीच्या माणसाकडे राहिला, तर पेरणीच्या आठवड्यात शेतकरी कुणाची वाट बघत बसणार?

एक आक्षेप मला कायम ऐकू येतो आणि तो निकालात काढण्यासारखा नाही. तो असा की शंभरातल्या नव्याण्णव लोकांना फोन उघडायचाच नसतो, मग मूठभर हौशींसाठी सगळ्यांचे फोन जाड का करायचे? संख्येच्या हिशेबात हे बरोबर आहे. पण हौशी माणसाचा उपयोग त्याच्यापुरता राहत नाही, याचे दाखले तंत्रज्ञानाच्या इतिहासात पावलोपावली आहेत. त्यातला माझा सगळ्यात आवडता ग्रोट रेबर. अमेरिकेत शिकागोजवळच्या व्हीटन गावात राहणारा हा तरुण रेडिओ इंजिनियर हॅम होता, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवरून संदेशांची देवाणघेवाण करणारा. कार्ल जान्स्कीने आकाशगंगेतून रेडिओलहरी येतात असं १९३३ मध्ये जाहीर केलं, पण त्याचा पाठपुरावा करायला कुणी पुढे येईना. रेबरने १९३७ मध्ये स्वतःच्या पैशांनी, घराच्या मागच्या अंगणात, सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. शेजाऱ्यांना ते काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. दिवसा नोकरी आणि रात्री आकाशाचे नकाशे असा त्याचा क्रम. पुढची जवळजवळ दहा वर्षं रेडिओ खगोलशास्त्र या विषयाचं काम नेटाने करणारा जगात तोच एक होता. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आज उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तारेच्या हलक्या जाळीच्या त्या अँटेना तिथे उभ्या राहिल्या. विज्ञान दिनाला त्या बघायला शाळांच्या सहली येतात. त्या विद्याशाखेची सुरुवात एका हौशी माणसाच्या परसात झाली हे त्या पोरांना सांगायला हवं.

किंवा ऑस्कर-१ घ्या. स्पुटनिकला जेमतेम चार वर्षं झाली होती. १२ डिसेंबर १९६१ ला कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी घरच्या गॅरेजांत आणि तळघरांत जोडलेला एक छोटा उपग्रह दुसऱ्या मोठ्या उपग्रहासोबत वर गेला आणि मोर्समध्ये 'हाय' म्हणत राहिला. आपणही या बाबतीत मागे राहिलो नाही. इस्रोने हॅम लोकांसाठीचा हॅमसॅट हा उपग्रह ५ मे २००५ ला सोडला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, तोही हॅम लोकांना एकमेकांना संदेश पाठवता यावेत यासाठीच.

डिसेंबर २००४ मध्ये स्वतः हॅम असलेल्या भारती प्रसाद यांच्यासोबत हॅमचा एक गट पोर्ट ब्लेअरला गेला होता. काम निव्वळ हौसेचं होतं. अंदमानातून हॅम प्रक्षेपणाला अनेक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क साधायला टपून बसले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले. हौसेसाठी नेलेली तीच उपकरणं मग बेटांवरून मुख्य भूमीला निरोप देण्याच्या कामी आली. अशा वेळी कुठून तरी माणसं उभी करता येत नाहीत. ती आधीपासून, कुणाला उपयोग दिसत नसताना, खटपट करत बसलेली असावी लागतात.

या हौसेची कौतुकं गाताना एक गोष्ट मात्र झाकली जाते. हा छंद बहुतांशी पुरुषांचा आणि बहुतांशी पगारदार घरांतला होता. खिशात सुटे पैसे, घरात एक कोपरा आणि संध्याकाळचा मोकळा वेळ, हे तिन्ही ज्याला मिळालं तोच खटपट करू शकला. स्वयंपाक आटपून, पोरांचा अभ्यास घेऊन, सोल्डरचे थेंब पडलेली फरशी खरवडणाऱ्या बाईला तो वेळ कुठून मिळणार? मात्र त्याच घरात ती शिवणयंत्राची शटल काढून साफ करत होती, पट्टा सैल झाला तर तुकडा कापून पुन्हा जोडत होती, दोऱ्याचा ताण कानाने ओळखत होती. त्याला कुणी तंत्रज्ञानाची आवड म्हटलं नाही. आजच्या आजीबाईंना फोन जमत नाही म्हणणाऱ्यांनी त्यांचं शिवणयंत्र एकदा उघडून दाखवावं. तेव्हाही यंत्र उघडत होतं म्हणून हात बसला, हाच मुद्दा तिथेही लागू पडतो.

मग करायचं काय? कायद्याची लढाई लांबची आहे, ती ग्राहक संघटनांनी लढावी. त्याआधी जवळ करण्यासारखं एक काम आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातल्या सुमारे दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. प्रत्येकी वीस लाखांपर्यंतचं अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, सोल्डरिंगची साधनं. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजार लॅब पाच वर्षांत करण्याची घोषणा झाली. कल्पना उत्तम आहे. पण साधनं आणून ठेवली म्हणजे हात तयार होतात असं नाही. शिक्षकांना अभ्यासक्रम, परीक्षा, निवडणुकीची कामं आणि माहिती भरायचे तक्ते यांतून सवड नाही, आणि शाळा सुटली की लॅबला कुलूप. दुसरीकडे त्याच शाळेच्या अर्ध्या किलोमीटरच्या परिघात मल्टीमीटर हातात धरून आयुष्य काढलेली माणसं विरंगुळा केंद्रात वर्तमानपत्राची तीच पानं तिसऱ्यांदा चाळत बसलेली असतात.

ही लॅब आठवड्यातून दोन संध्याकाळी परिसरातल्या निवृत्तांना उघडी करा. त्यांनी मुलांना शिकवलंच पाहिजे अशी अट घालू नका. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला काहीही दिलं की बदल्यात त्याच्याकडून संस्कार मागायची खोड आहे. त्यांना त्यांचं त्यांचं काम करू द्या. बंद पडलेला मिक्सर आणू द्या, जुन्या फोनचा पडदा काढून बघू द्या, जमलं तर उपग्रह ऐकू द्या. मुलं आपोआप भोवती गोळा होतात, ती सवय पोरांची अजून गेलेली नाही. ॲम्स्टरडॅममध्ये २००९ साली पहिलं रिपेअर कॅफे भरलं, बंगळूरमध्ये २०१५ पासून ते भरतं. तिथे दुरुस्त करणारे आणि दुरुस्त करून घेणारे एकाच टेबलाशी बसतात. आपल्याला टेबलंही नव्याने घ्यायची गरज नाही.

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: कुणाला शॉक बसला तर जबाबदार कोण? प्रश्न वाजवी आहे. प्रत्येक टेबलाला गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर लावा, लिथियमच्या बॅटरीसाठी वाळूची बादली ठेवा, एकट्याने काम करायचं नाही असा नियम भिंतीवर लिहा. आणि ब्रेकर बसवायला बाहेरून माणूस बोलावू नका. नाव नोंदवायला आलेल्या पहिल्या दहांत एक तरी वीज मंडळातून निवृत्त झालेला असणारच. बसवून झाल्यावर तो दोनदा टेस्टचं बटण दाबून बघेल आणि तुमच्या शाळेचं अर्थिंग किती वाईट आहे तेही न विचारता सांगेल.